जाताना पुढे, येताना मागे

"वेडं झालंय ते! ठार वेडं!" दूधवाल्या काकांनी दुकानाच्या काचेवर असा हात आपटला, की आतली सगळी मनगटी घड्याळं थरथरली.

"काच जुनी आहे, जरा सांभाळून," घड्याळवाले आजोबा डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले. "मंगळवारपासून चार दिवस माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहतोय. अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. तुमचं घड्याळ शहाणं आहे. न्या घरी."

"नेऊन काय करू? लोणचं घालू? अहो, जाताना पुढे पळतं आणि येताना मागे रेंगाळतं! असलं घड्याळ बांधून मी दुधाच्या फेऱ्या करायच्या कशा?"

आतल्या बाकावर तीन मुलं बसली होती. एक आजोबांची नात, जिला सगळी शाळा टिकटिक म्हणायची. दुसरा रेडिओ. हा सुट्टीसाठी आलेला मिरीचा मामेभाऊ, सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचा ते रात्री झोपेतच मिटायचा. आणि तिसरी मिरी. बुटकी, काळीसावळी आणि जिभेला तिखट, म्हणून मिरी.

रेडिओ फिस्सकन हसला. टिकटिकनं त्याला कोपरखळी मारली, कारण मिरी हसली नव्हती. मंगळवारपासून ती एकदाही हसली नव्हती.

आता मंगळवारचं सांगायलाच हवं. जड जातं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मिरीचे बाबा नावाडी. नदीच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर माणसं पोचवायची, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. मंगळवारी, सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी, नदीवर धुकं होतं. पावणेआठच्या फेरीला नावेत सहा माणसं होती. त्यांत मिरीच्या वर्गाचे गणिताचे सर होते, निकालाचे कागद शाळेत द्यायला निघालेले. नाव मधोमध गेली आणि पाण्यानं तिला ओढत नेऊन पुलाच्या खांबावर आदळलं. पाच जण वाचले. सरांनी एका लहान मुलाला खांबाच्या कठड्यावर ढकललं, आणि स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

तेव्हापासून गावात एकच बोलणं. नावाड्याची चूक. कुणी म्हणे डुलकी लागली असेल, कुणी म्हणे प्यायला असेल. बाबा म्हणाले, "पाणी भलतंच ओढत होतं हो!" पण नदीच्या वरच्या अंगाला बंधारा आहे, आणि बंधाऱ्याच्या नोंदवहीत स्वच्छ लिहिलेलं होतं : दरवाजे साडेआठला उघडले, त्याआधी बंद, प्रवाह ताशी दोन किलोमीटर. दरवाजे उघडताना वाजतो तो साडेआठचा भोंगा तर सगळ्या गावानं कानांनी ऐकला होता! मग पावणेआठला पाणी ओढणार कसं? नावेला साखळी घालून कुलूप लागलं. सोमवारी अकरा वाजता चौकशी होती. त्यात बाबा दोषी ठरले, तर परवाना जाणार होता आणि पुढे तुरुंगही होता. आज शनिवार.

"काका," मिरी एकदम उठली. "घड्याळ वेडं झालं ते कधी?"

दूधवाल्या काकांनी मान वळवली. नावाड्याची मुलगी बघून त्यांचा आवाज उतरला. "त्याच दिवशी गं पोरी. म्हणूनच मी कुणाला बोललो नाही. माणूस गेलेला, आणि मी कॅनचं रडगाणं कुठं गाऊ?"

"कसला कॅन?"

"अगं, रोज सात दहाला मी लाँच घेऊन पुलाखालून वर पंपघराकडे जातो. नऊ मिनिटं लागतात. दहावं नाही! त्या दिवशी पुलाच्या खांबाला लाँच घासली आणि मागं खणकन आवाज झाला. मी म्हटलं, कॅन एकमेकांवर आपटले असतील. पंपघराला पोचून बघतो, तर एक रिकामा कॅन गायब! आणि घड्याळात सात पंचवीस. नऊ मिनिटांच्या जागी पंधरा! म्हणजे पुढे पळालं की नाही?"

"आणि येताना?" टिकटिकनं विचारलं.

"इंजिन तसंच ठेवून फिरवली लाँच. पूल ओलांडला, आणि पार खाली, वीटभट्टीच्या धक्क्यावरच्या दिव्यासमोर, नदीच्या मधोमध, लाल झाकण दिसलं. आकडीनं ओढून घेतला कॅन. एरवी पंपघर ते वीटभट्टी म्हणजे वीसेक मिनिटं. घड्याळ म्हणतं सात चाळीस. पंधराच! मग परत उलटं पुलापर्यंत यायला अर्धा तास. तिथं ती गर्दी बघितली, आणि हातपायच गळाले माझे." काकांनी खिशातून घडी पडलेला कागद काढला. "डेअरीला वेळा लिहून द्याव्या लागतात. लिहिल्या, आणि खाली शेरा मारला, 'घड्याळ बिघडले.' आता हा कागद चौकशीतही मागवलाय म्हणे. काय उपयोग त्याचा!"

मिरीनं कागद दोनदा वाचला. 

"पंधरा मिनिटं गेला, आणि पंधरा मिनिटांत सापडला," ती पुटपुटली. "सतरावं! अरे, हे सतरावं आहे!" आणि ती पायऱ्यांवरून उडी मारून घराकडे सुटली.

"कसलं सतरावं? मिरे! चप्पल तरी घाल!" रेडिओ तिच्या मागं ओरडत धावला.

घरी मागच्या पायरीवर बाबा बसले होते. नदी दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. मंगळवारी ते सरांच्या दारात गेले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्यांना बघून दार लावून घेतलं होतं. तेव्हापासून बाबांचं जेवणही नावालाच होतं.

"बाबा, पाणी खरंच ओढत होतं ना?"

बाबांनी भिंतीचा एक पोपडा नखानं खरवडला. मग म्हणाले, "तेव्हा तसं वाटलं खरं. पण सगळे म्हणतात तर माझाच हात चुकला असेल, बाळा. वीस वर्षांत एकदा चुकला."

 लोक काय वाटेल ते बोलोत, पण बाबांनीच असं म्हणावं? तिनं खोलीत येऊन दप्तर जमिनीवर उपडं केलं.

सुट्टीच्या अभ्यासाची वही. सरांनी फळ्यावर अठरा गणितं दिली होती, नाव आणि प्रवाहाची. मिरीनं नावाड्याची मुलगी असून ती कधी धड सोडवली नव्हती. सरही तिला चिडवायचे. तिनं नुसतं "तीन" असं उत्तर दिलं की म्हणायचे, "तीन काय? तीन शेळ्या? एकक कोण लिहिणार, तुझी मांजर?" आणि लाल पेनानं अर्धा गुण कापायचे. एकदाही सोडला नाही त्या माणसानं अर्धा गुण!

"वाच मोठ्यानं," टिकटिक धापा टाकत म्हणाली.

"'गणित सतरावे. एक नावाडी प्रवाहाविरुद्ध नाव चालवत असता पुलाखाली त्याची टोपी पाण्यात पडते. वीस मिनिटांनी त्याच्या ते लक्षात येते. तो लगेच मागे फिरतो आणि पुलापासून दोन किलोमीटर खाली टोपी पकडतो. नावेचा जोर सारखाच आहे. तर प्रवाहाचा वेग किती?'"

"आणि नावेचा वेग?" रेडिओनं विचारलं.

"दिलेलाच नाही! तिथंच मी अडकले होते."

"मग सर विसरले असतील."

"सर? विसरतील?" दोघी एकदम ओरडल्या.

मिरीनं पलंगावरची चादर खसकन ओढून जमिनीवर पसरली. "ही नदी. हे शाईच्या बाटलीचं झाकण म्हणजे टोपी. रेडिओ, तू चादरीचं टोक धर आणि हळूहळू मागं सरक. थांबायचं नाही. आणि बोलायचं नाही!"

"दोन्ही एकदम जमणार नाही," रेडिओ म्हणाला, पण सरकायला लागला.

मिरीनं झाकण चादरीवर ठेवलं आणि तिथूनच दोन बोटं माणसासारखी चालवत चादरीवर उलट दिशेला नेली. एक, दोन, तीन... दहा पावलं. मग वळली. एक, दोन, तीन... दहाव्या पावलाला बोट झाकणाला लागलं.

"पुन्हा," टिकटिक कुजबुजली. "रेडिओ, जोरात ओढ."

जोरात ओढली. तरी दहा पावलं जायला, दहाच यायला. चादर मात्र या खेपेला दारापर्यंत गेली होती.

"कळलं!" मिरीचे डोळे भरून आले आणि ती ओरडतच होती. "पाणी टोपीलाही नेतं आणि नावेलाही तेवढंच नेतं! म्हणून पाण्यात दोघांच्या मधलं अंतर पाण्याला बदलताच येत नाही! वीस मिनिटं लांब गेला, तर वीसच मिनिटं परत. टोपी एकूण चाळीस मिनिटं वाहिली आणि दोन किलोमीटर गेली. नावेचा वेग लागतच नाही!"

तिनं घाईघाईनं वहीत गणित मांडून उत्तर लिहिलं : तीन. मग पेन तसंच हातात राहिलं. हे दाखवायचं कुणाला? सरांचं आठवलं आणि ती चादरीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. रेडिओ खरोखरच गप्प बसला.

"मिरे," टिकटिक थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "काकांचा कॅन अर्धा तास वाहिला. पूल ते वीटभट्टी किती अंतर?"

रविवारी सकाळी तिघं सायकली घेऊन निघाली. नदीकाठच्या सडकेला किलोमीटरचे दगड होते, आणि तिथं नदी सडकेला धरून सरळ वाहते. पुलापाशी बारा. वीटभट्टीच्या धक्क्यापाशी पंधरा. तीन किलोमीटर!

"अर्ध्या तासात तीन, म्हणजे तासाला सहा!" रेडिओ सायकलवरच उभा राहिला. "आणि नोंदवहीत दोन! चोर सापडला!"

"थांब," टिकटिक म्हणाली. "ते म्हणतील, दोन हाच आकडा चुकला असेल. आज दरवाजे बंद आहेत. पाहून घेऊ."

झाकण लावलेला रिकामा डबा त्यांनी पुलाच्या मधोमधून सोडला. टिकटिकनं आजोबांचं घड्याळ हातात धरलं आणि तिघंही काठानं डब्याबरोबर चालत राहिली. त्याच खांबाला अजून नावेच्या निळ्या रंगाचा ओरखडा होता. मिरीनं तिकडे बघितलं नाही. अर्ध्या तासानं डबा तेराव्या दगडासमोर होता. फक्त एक किलोमीटर. तासाला दोन.

म्हणजे एरवीची नोंद खरी होती. खोटी होती ती फक्त मंगळवारची.

सोमवारी बंधाऱ्याच्या कचेरीतला मोठा हॉल माणसांनी भरला. हिरवं कापड घातलेल्या लांब टेबलामागं चौकशी अधिकारी बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेल्या, चेहरा त्याहून घट्ट. शेजारी बंधाऱ्याचे इंजिनिअर साहेब, पुढ्यात पाण्याचा पेला. दाराशी बंधाऱ्याचा चौकीदार जमिनीकडे बघत उभा होता. आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीतल्या काकू. मिरीचे बाबा एका कोपऱ्यात, खांदे पाडून.

"दूधवाल्यांच्या कागदावर वेळा आहेत," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, घड्याळ बिघडले. मी हा कागद बाजूला ठेवते."

"ठेवू नका!"

सगळ्या माना वळल्या. मिरी उभी राहिली होती.

"बाई, घड्याळ खरं आहे. नोंदवही खोटी आहे!"

"हा काय पोरखेळ चाललाय?" इंजिनिअर साहेब कडाडले. "हिला बाहेर काढा!"

"दोन मिनिटं," अधिकारी बाईंनी हात वर केला. "बोल. पण पुराव्यानं बोल."

आजोबांनी उठून सांगितलं, घड्याळ चार दिवस तपासलंय, अर्ध्या मिनिटाचा फरक नाही. मग मिरी पुढे आली. पण चादर घरीच राहिली होती! तिनं टेबलाकडे बघितलं.

"बाई, हे कापड ओढलं तर चालेल?"

"ओढ," बाई म्हणाल्या, आणि भराभरा आपले कागद उचलून घेतले. साहेबांना मात्र तेवढं सुचलं नाही. रेडिओनं कापड ओढायला सुरुवात केली, मिरीची बोटं चालायला लागली, आणि पाण्याचा पेला कापडाबरोबर डौलात जाऊन साहेबांच्या मांडीवर पालथा झाला! हॉलमध्ये खसखस पिकली. मिरी हसली नाही. ती पावलं मोजत होती.

"दहा गेले, दहा आले. पाणी कितीही जोरात असू दे! म्हणून काका पंधरा मिनिटं वर गेले आणि पंधरा मिनिटांत कॅनला गाठलं. जाताना लाँच पाण्याशी झगडत होती, म्हणून नऊच्या जागी पंधरा. येताना पाणीच ढकलत होतं, म्हणून वीसच्या जागी पंधरा. घड्याळ पुढे पळालं नाही आणि मागे पडलं नाही. धुक्यात काकांना काठ दिसत नव्हता, म्हणून त्यांना नदी पळताना दिसली नाही, आणि त्यांनी घड्याळाला वेडं ठरवलं! कॅन अर्ध्या तासात तीन किलोमीटर वाहिला. म्हणजे प्रवाह सहा."

"सहा काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मिरीला एक क्षण सरांचाच आवाज ऐकू आला. "ताशी सहा किलोमीटर," ती म्हणाली. "आणि तो सात दहा ते सात चाळीसच्या मध्ये. काल दरवाजे बंद असताना आम्ही डबा सोडून पाहिला, तर ताशी दोन. मंगळवारी पाणी तिप्पट होतं, बाई!"

 बाईंनी कागदावर स्वतः आकडे मांडले, दूधवाल्या काकांचा कागद पुन्हा जवळ ओढला आणि बाबांकडे वळल्या.

"नाव कशी नेता पलीकडे?"

"समोरच्या धक्क्याकडे नावेचं नाक धरत नाही, बाई," बाबा खाली बघत म्हणाले. "पाणी खाली ओढतं, म्हणून वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिच्याकडे नाक धरतो. ओढत ओढत पाणीच धक्क्याला लावतं. त्या दिवशीही टाकीचा माथा धुक्याच्या वर दिसत होता. टाकीकडेच धरलं होतं."

"दोनच्या पाण्याला ते पुरतं. सहाच्या पाण्यात टाकीचा हिशेब फसणारच. भोंगा वाजला असता, तर तुम्ही नाव सोडली असती?"

"कधीच नाही! भोंगा वाजला की नाव बांधायची. वीस वर्षांत मोडलं नाही ते."

बाईंनी नजर दाराकडे फिरवली. "चौकीदार, दरवाजे किती वाजता उघडले?"

चौकीदारानं आधी साहेबांकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं, आणि त्याचा चेहराच वेडावाकडा झाला.

"सकाळी सहाला, बाई. वरून फोन आला होता, पाणी सोडा म्हणून. भोंगा दोन महिने बंद होता. मी तीनदा लिहून दिलं. साहेब म्हणाले, एक दिवस नाही वाजला तर काय आभाळ कोसळणार आहे का? मग ते... ते झाल्यावर, मेकॅनिकला पळत आणून साडेआठला वाजवला. आणि तीच वेळ लिही म्हणाले. मी लिहिली. माझ्या हातानं लिहिली!" तो मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

साहेब ओल्या कपड्यांनिशी उठायला लागले. "बसा," बाई म्हणाल्या. इतक्या थंड आवाजात, की साहेब बसले.

पुढचं भराभर झालं. पोलीस आले, नोंदवही जप्त झाली, बाबांचा परवाना तिथल्या तिथं परत मिळाला. अधिकारी बाईंनी तिन्ही मुलांशी हात मिळवला. "तीन मोठ्या माणसांनी हा कागद वाचला होता, मीही वाचला होता. वाचता आला तो तुम्हाला. शाबास!" त्या म्हणाल्या. दूधवाले काका सगळ्यांना मनगट दाखवत सुटले, "शहाणं आहे हो माझं घड्याळ! मीच वेडा!"

बाबा मात्र कोपऱ्यातच उभे होते. मिरी त्यांच्यापाशी गेली.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

"नाही, बाबा."

त्यांनी तिला जवळ ओढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले. आनंदानं नव्हे. सर काही परत येणार नव्हते.

गुरुवारी नाव पुन्हा धक्क्याला लागली. खांबावर फुटलेली फळी नवी होती, बाकी नाव तीच. धक्क्यावर पंधरा-वीस माणसं जमली, पण पाऊल कुणी उचलेना. एकानं घसा खाकरला, दुसऱ्याला घरचं काम आठवलं. बाबा वल्ह्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. मिरीला वाटलं, आता हे कायमचं असंच राहणार.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली. काकू आल्या. साडी सावरत त्या नावेत उतरल्या आणि पुढच्या फळीवर जाऊन बसल्या. सर रोज जिथं बसायचे तिथं.

"चला," त्या बाबांना म्हणाल्या. "त्या दिवशी दार लावून घेतलं, चुकलं माझं." मग मिरीकडे वळल्या. "तू म्हणे त्यांचं गणित सोडवलंस. बघू."

मिरीनं दप्तरातून वही काढून दिली. पाठोपाठ एक एक करून माणसं नावेत उतरली. बाबांनी दोर सोडला आणि नाक टाकीकडे वळवलं.

काकूंनी पिशवीतून लाल पेन काढलं. मिरीनं ते लगेच ओळखलं. काकूंनी सतरावं गणित ओळीवर बोट ठेवून वाचलं. तेही सरांइतकंच सावकाश. मग बरोबरची खूण केली आणि पेन उत्तरापाशी थांबलं.

"तीन काय?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता, पण त्यांनी वाक्य पुरं केलं. "तीन शेळ्या?"

मिरीला एकदम हसू फुटलं, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा, आणि त्याच हसण्यात रडूही आलं. काकूंचंही तेच झालं. त्यांनी डोळे पुसले, अर्धा गुण कापला आणि पाचपैकी साडेचार लिहून वही परत दिली.

मिरीनं लगेच उत्तराशेजारी लिहिलं : ताशी किलोमीटर. तोवर समोरचा धक्का आला होता.